गेरार्ड मर्केटर : पवित्र भूमीचा नकाशा करणारा

शास्त्र वाचतांना यार्देन कोणत्या बाजूस आहे, यरुशलेमेहून यरीहो किती दूर, हें ठाऊक नसलें तर पुष्कळ गोष्टी अंधारांत राहतात. हा अंधार दूर करण्यासाठीं ज्यांनीं श्रम केले, त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

गेरार्ड मर्केटर ह्याचा जन्म १५१२ सालीं फ्लांडर्स प्रांतांत रुपेलमोंड गांवीं झाला. बाप जोडे शिवून पोट भरीत असे. नात्यांतील एका धर्मगुरूनें मुलाच्या शिक्षणाचा भार उचलिला. पुढें लूव्हेन नगरांत तो गणित शिकला, आणि तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरण्याची कला त्यानें हस्तगत केली.

त्या काळीं पवित्र भूमीचे छापील नकाशे थोडे, आणि चुका फार. १५२५ सालीं झुरिक येथें छापलेल्या जुन्या करारांत नकाशा उलटा उमटला, व भूमध्य समुद्र देशाच्या पूर्वेस गेला! मर्केटरनें स्वतःच्या नांवानें काढिलेला पहिला नकाशा पवित्र भूमीचाच होता. तो १५३७ सालीं निघाला. दोन्ही करार नीट समजावे, हा हेतु त्यानें नकाशाच्या नांवांतच सांगितला. मिसरांतून निघालेल्या इस्राएल लोकांचा मार्गही त्यांत दाखविला. तो देश त्यानें डोळ्यांनीं कधींच पाहिला नाहीं. शास्त्र व विद्वानांचे ग्रंथ हेच त्याचे वाटाडे.

१५४४ सालीं पाखंडाच्या संशयावरून त्यास धरिलें, आणि जन्मगांवच्याच किल्ल्यांत सुमारें सात महिने कोंडून ठेविलें. घरीं बायको व मुलें वाट पाहत होतीं. त्याच आरोपाखालीं धरलेल्यांपैकीं कांहींस देहदंड झाला. स्त्रियांस तर जिवंत पुरिलें. शेवटीं तो सुटला, व पुन्हा आपल्या कामास लागला.

१५५२ सालीं तो जर्मनींतील ड्यूसबर्ग येथें राहावयास गेला. तेथें १५६९ सालीं त्यानें जगाचा मोठा नकाशा काढिला. होकायंत्रानें धरिलेली दिशा त्यावर सरळ रेषेनें दाखवितां येई, म्हणून खलाश्यांस तो पुढें फार उपयोगी पडला. नकाशांच्या पुस्तकास ‘अॅटलस’ हें नांव त्यानेंच दिलें. म्हातारपणीं, १५९२ सालीं, चारही शुभवर्तमानांचा मेळ दाखविणारा ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला. १५९४ सालीं तो मरण पावला.

जगास तो समुद्राच्या नकाशामुळें ठाऊक आहे. पण त्याचा आरंभ शास्त्र समजावें ह्या इच्छेंत होता, आणि बंदिवासानेंही ती इच्छा विझली नाहीं. उपदेशक बंधु भिंतीवर कनान देशाचा नकाशा लावून मुलांस यार्देन दाखवितील, तेव्हां जोडे शिवणाऱ्याच्या ह्या मुलाचें स्मरण करोत.