पॅट्सी क्लाइन
पॅट्सी क्लाइन (जन्मनाव: व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली, ८ सप्टेंबर, १९३२: विंचेस्टर, व्हर्जिनिया, अमेरिका - ५ मार्च, १९६३: कॅम्डेनजवळ, टेनेसी, अमेरिका) या अमेरिकन गायिका होत्या. कंट्री संगीताला सर्वसाधारण पॉप श्रोत्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेला ग्रेटेस्ट हिट्स (१९६७) हा गीतसंग्रह त्यांची सर्वाधिक परिचित ध्वनिमुद्रिका आहे.

प्रारंभिक जीवन
त्यांचे वडील लोहारकाम करीत, तर आई हिल्डा शिवणकाम करीत असे. वडिलांनी घर सोडल्यानंतर पॅट्सी यांनी शाळा सोडली आणि औषधांच्या दुकानात नोकरी धरली. याच काळात त्या स्थानिक रेडिओ केंद्रावर व रात्रीच्या कार्यक्रमांत गाऊ लागल्या. पॅट्सी हे नाव पॅटरसन या मधल्या नावावरून, तर क्लाइन हे आडनाव पहिल्या विवाहातून आले.

कारकीर्द
१९५४मध्ये त्यांनी फोर स्टार या कंपनीशी करार केला. प्रकाशन हक्क कंपनीकडे असलेलीच गीते गाण्याचे बंधन त्यात होते. त्यामुळे अनेक वर्षे त्यांना आपल्या आवाजाला साजेशी गीते निवडता आली नाहीत. जानेवारी १९५७मध्ये आर्थर गॉडफ्री यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायलेले वॉकिन आफ्टर मिडनाइट हे या काळातील एकमेव मोठे यश ठरले.

१९६०मध्ये त्या ग्रँड ओल ऑप्रीच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी फोर स्टारचा करार संपून त्या डेक्का कंपनीशी थेट करारबद्ध झाल्या. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी फिडलसारख्या पारंपरिक वाद्यांऐवजी पियानो, व्हायोलिनवृंद व सहगायनाची साथ योजली. ही शैली नॅशव्हिल साउंड म्हणून ओळखली जाते. १९६१मध्ये आय फॉल टू पीसेस हे गीत कंट्री यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी जूनमध्ये मोटार अपघातात त्या गंभीर जखमी झाल्या. त्यानंतर विली नेल्सन यांनी रचलेले क्रेझी ध्वनिमुद्रित करताना बरगड्यांच्या वेदनेमुळे वरचे स्वर लागेनात. म्हणून वाद्यमेळ आधी मुद्रित करून त्यांचे गायन नंतर घेण्यात आले.

निधन
कॅन्सस सिटी येथील एका मदतनिधी कार्यक्रमाहून परतताना त्यांचे छोटे विमान कोसळले. या अपघातात गायक काउबॉय कोपस व हॉकशॉ हॉकिन्स आणि वैमानिक व क्लाइन यांचे व्यवस्थापक रँडी ह्यूज यांचाही मृत्यू झाला. त्या वेळी क्लाइन ३० वर्षांच्या होत्या.

ग्रेटेस्ट हिट्स
या संग्रहात १२ गीते असून ती सर्व ब्रॅडली यांच्यासोबत १९६० ते १९६३ या काळात मुद्रित झालेली आहेत. वॉकिन आफ्टर मिडनाइटचेही मूळ ध्वनिमुद्रण न घेता १९६१मधील नवी आवृत्ती घेतली आहे. स्वीट ड्रीम्स व फेडेड लव्ह ही गीते मुद्रणानंतर महिनाभरातच क्लाइन यांचे निधन झाल्याने त्यांच्या हयातीत प्रकाशित झाली नव्हती. संग्रहात सुरुवातीच्या धडपडीचा मागमूस नाही. मात्र संयत गायन, शब्दांचे स्पष्ट उच्चार आणि स्वर किंचित लांबवून व्यथा व्यक्त करण्याची हातोटी सलग ऐकावयास मिळते. हयातीत क्लाइन यांचे केवळ ३ स्टुडिओ अल्बम निघाले होते. पुढील पिढ्यांना त्यांची ओळख मुख्यत्वे या संग्रहातूनच झाली. अमेरिकेत त्याला १ कोटी प्रतींचे डायमंड प्रमाणपत्र मिळाले आहे.

सन्मान
१९७३मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट होणाऱ्या त्या पहिल्या एकल गायिका ठरल्या. त्यांच्या जीवनावरील स्वीट ड्रीम्स (१९८५) या चित्रपटात जेसिका लँग यांनी त्यांची भूमिका केली.