‘फकिरा’चा जनक : अण्णा भाऊ साठे

कथानायक सद्गुणी असावा, असा आपला सर्वसाधारण समज. मग कायदा मोडणारा, खजिना लुटणारा ‘फकिरा’ मराठी वाचकाने डोक्यावर का घेतला? याचे उत्तर मला अण्णा भाऊ साठे यांच्या चरित्रात सापडले.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली. लहानपणीच वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईस गेले. तेथे पडेल ते काम केले, गिरणीत राबले आणि दुकानांच्या पाट्या पाहत अक्षरओळख करून घेतली. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने रान पेटविले.

त्या काळी गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक जमातींतील माणूस जन्मतःच चोर ठरे. आपल्या कलबुर्गीशेजारच्या सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्याला न्यायाने जगताच येत नाही, त्याने कायदा पाळावा तरी कसा, हाच प्रश्न १९५९ च्या ‘फकिरा’त आहे. ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला या लुटीचा जमाखर्च महत्त्वाचा वाटतो. फकिरा लुटतो ते उपाशी माणसांसाठी. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा तो स्वतः हजर होतो. म्हणजे खर्चाची बाजू तो आपल्या प्राणांनी भरतो. आजच्या पडद्यावरील सूडनायक शिक्षा देतो, पण स्वतः किंमत मोजताना क्वचितच दिसतो. अमेरिकेचा बॅटमन तर धनाढ्य. रात्री मुखवटा चढवून तो सकाळी आपल्या वाड्यात परततो. फकिराला परतायला वाडा नव्हता.

त्याच्या लेखकालाही नव्हता. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊ अनेक वर्षे राहिले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. पण दारिद्र्य हटले नाही. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, पडद्यावरील एखाद्या बंडखोरासाठी टाळ्या वाजविण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : याने घेतले कोणासाठी, आणि त्याची किंमत मोजली कोणी?