संत जोसेफ वाझ : काम आपले, श्रेय देवाचे



सेवा करणे सोपे नसते. पण सेवा झाल्यावर आपले नाव बाजूला ठेवणे त्याहून अवघड असते. आपल्या नालवाडीत विनोबाजींनी सूत कातून पोट भरण्याचा प्रयोग केला. अंगमेहनतीत त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी गोव्याचे एक धर्मगुरू मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले होते. त्या संत जोसेफ वाझ यांचे जीवन आज आपण पाहू या.

त्यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील बाणावली येथे आईच्या माहेरी झाला. घराणे सांकवाळचे, कुलीन आणि श्रद्धावंत. 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपण पवित्र मरियेचे गुलाम आहोत, असे पत्र लिहून दिले. गुलामाच्या मालकीचे काहीच नसते. त्याचे कष्टही धन्याच्याच खाती जमा होतात. वाझ यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ या एका पत्रात आहे.

त्या काळी श्रीलंकेचा किनारा डचांच्या ताब्यात होता आणि तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. श्रद्धावंत मेंढपाळाविना राहिले होते. 1687 साली फादर वाझ जॉन नावाच्या सोबत्याबरोबर जाफन्याला पोहोचले. आजाराने शरीर खंगले होते. गळ्यात रोझरी घालून ते दारोदार भिक्षा मागत आणि त्यातूनच कॅथलिक घरांचा शोध घेत. ओळख पटली की रात्री गुपचूप मिस्साबळी अर्पण होई.

1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगीजांचे हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकले. तेथे ते सिंहली भाषा शिकले. पुढे मोठा दुष्काळ पडला. राजाने त्यांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी उघड्यावर वेदी मांडली, क्रूस ठेवला व गुडघे टेकले. आणि धो धो पाऊस आला, अशी परंपरा आहे. राजाने त्यांना धर्मसेवेची मोकळीक दिली.

1697 साली कँडीत देवीची साथ आली. लोक घरची माणसे टाकून पळू लागले. फादर वाझ मात्र आपले भाचे फादर कार्व्हालो यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले, मृतांना मूठमाती देत राहिले. रोग्याचा धर्म त्यांनी विचारला नाही. पुढे लंकेच्या ख्रिस्तसभेचे प्रमुखपद देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

आता थोडा विचार करू या. नम्रता म्हणजे स्वतःला कवडीमोल ठरवणे नव्हे. फादर वाझ यांनी भाषा शिकल्या, पायपीट केली, उपाशी राहिले. हे कष्ट खरेच होते. आपल्या वर्ध्याकडचा शेतकरी नांगरतो, पेरतो, निंदण करतो. पण पाऊस आपण पाडला असे तो म्हणत नाही. कष्ट आपले, पीक देवाचे. हे सत्य ओळखणे म्हणजेच नम्रता.

आपल्या धर्मग्रामात कोणी वेदी सजवतो, कोणी गायनमंडळात गातो, कोणी आजाऱ्यांना भेटतो. सणाच्या दिवशी आभार मानताना आपले नाव राहून गेले, तर पुढच्या वर्षी आपण काम सोडून देतो का? सोडत असू, तर ते काम नेमके कोणासाठी चालले होते, हे प्रत्येकाने मनाला विचारावे. नाव राहून गेले तरी आजाऱ्याला मिळालेला धीर कमी होत नाही, आणि देवाच्या नजरेतून तो सुटत नाही.

हे प्रभू, आमच्या हातून जे चांगले घडते ते तुझे दान आहे, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.