पाकिटातल्या चित्रांचा राखणदार
विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉलपटूंची चित्रे असलेली छोटी कार्डे मिळत. अनेकांच्या लेखी तो केर होता. १९०० मध्ये जन्मलेल्या जेफरसन बर्डिक यांच्या लेखी तो इतिहास होता. सिरॅक्यूस येथील विद्युत उपकरणांच्या कारखान्यात नोकरी करीत त्यांनी अशा कार्डांची वर्गवारी लावली आणि १९३९ मध्ये सूची प्रसिद्ध केली. १९०९ ते १९११ या काळातील गाजलेला संच आजही त्यांच्या सूचीतील ‘टी २०६’ याच क्रमांकाने ओळखला जातो. पुढे तीन लाखांहून अधिक छापील कार्डे व चित्रांचा आपला संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला. त्यात तीस हजारांवर कार्डे बेसबॉलची होती. संधिवाताने हात आखडत असतानाही ती वह्यांत चिकटविण्याचे काम ते वर्षानुवर्षे स्वतः करीत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये ते काम पूर्ण झाले. मार्चमध्ये बर्डिक यांचे निधन झाले.