विमानाच्या शेपटीत दोरी अडकली, पण या पोरीने डोकं शांत ठेवलं

१९१४ साल. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये लष्कराचे अधिकारी माना वर करून विमानाकडे बघत होते. त्यातून एक मुलगी उडी मारणार होती. उंची पाच फुटांहून कमी, वजन जेमतेम ४० किलो. नाव टायनी ब्रॉडविक.

टायनी म्हणजे चिमुकली. खरं नाव जॉर्जिया ॲन थॉम्पसन, जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या गरीब घरातला. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पदरात मुलगी. पोटासाठी कापड गिरणीत काम.

१९०७ मध्ये तिने जत्रेत चार्ल्स ब्रॉडविक यांचा खेळ पाहिला. गरम हवेच्या फुग्यातून वर जायचं आणि पॅराशूट घेऊन खाली यायचं. तिने ठरवलं, आपण हेच करायचं. मुलीला आईकडे ठेवून ती त्यांच्या ताफ्यात गेली आणि १९०८ मध्ये, पंधराव्या वर्षी तिने पहिली उडी मारली. जाहिरातीत तिला बाहुली म्हणायचे आणि झालरींचा फ्रॉक घालायला लावायचे. तिला तो मुळीच आवडत नसे.

मग विमानं आली. १९१२ मध्ये अल्बर्ट बेरी यांनी सेंट लुईसजवळ विमानातून उडी मारली होती. २१ जून १९१३ रोजी लॉस एंजेलिसवर ग्लेन मार्टिन यांच्या विमानातून टायनीने सुमारे २००० फुटांवरून उडी घेतली. विमानातून पॅराशूटने उतरणारी ती पहिली स्त्री ठरली.

तेव्हा पॅराशूट आपोआप उघडायचं. त्याला जोडलेल्या दोरीचं एक टोक विमानाला बांधलेलं असे. माणूस खाली पडला की दोरी ताणली जायची आणि घडी उलगडायची.

सॅन डिएगोला तीन उड्या नीट झाल्या. चौथ्या वेळी दोरी विमानाच्या शेपटीत गुंतली आणि टायनी हवेत लटकली. परत विमानात चढणं शक्य नव्हतं. तिने दोरी कापली, छोटा तुकडा हातात ठेवला आणि स्वतःला खाली सोडून दिलं. पडता पडता तो तुकडा ओढला आणि पॅराशूट उघडलं.

म्हणजे बिघडलेल्या विमानातून वैमानिक उडी टाकून स्वतःच पॅराशूट उघडू शकतो, हे तिने दाखवून दिलं. तरीही पहिल्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक पॅराशूटविनाच लढले. पडताना माणसाची शुद्ध हरपते, असा समज होता. १९१९ मध्ये लेस्ली अर्विन यांनी लष्कराच्या चाचणीत हाताने पॅराशूट उघडून दाखवलं, तेव्हा कुठे तो मोडला.

हजाराहून जास्त उड्या मारून टायनी १९२२ मध्ये थांबली. घोटे साथ देत नव्हते. १९७८ मध्ये, ८५ व्या वर्षी ती गेली. पण आजही विमानातून उडी मारणारा माणूस स्वतःच्या हाताने दोरी ओढतो, तेव्हा गिरणीतल्या या पोरीने १९१४ मध्ये केलं तेच करत असतो.