फंक्शनकडे मूळ जातं की कॉपी? दादासाहेब फाळकेंच्या निमित्ताने

नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. सहलीला जायचं, फोटो काढायचे, परत यायचं. मीही तेवढंच केलं होतं. फाळके खरे कळले ते कोडिंग करायला लागल्यावर.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, पुढे फोटोग्राफी आणि लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय. म्हणजे एका मुळावरून अनेक प्रती काढण्यात हा माणूस सिनेमाच्या आधीच मुरलेला होता. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. (कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं काम पत्नी सरस्वतीबाई करायच्या. हे नाव स्मारक बघताना कुणी सांगत नाही.)

कॅमेऱ्यात फिरते ती निगेटिव्ह. ती प्रोजेक्टरला लावत नाहीत. तिच्यावरून प्रिंट काढतात आणि थिएटरला प्रिंट जाते. प्रिंटवर ओरखडे पडले, अगदी ती जळली, तरी निगेटिव्ह शाबूत. आयफोनची ॲप्स ज्यात लिहितात त्या स्विफ्टमध्ये ॲरे किंवा स्ट्रक्ट फंक्शनला दिला की असंच होतं: फंक्शनच्या हातात कॉपी, तीही रीड-ओन्ली. मूळच बदलायचं असेल तर 'इनआउट' असं उघड लिहावं लागतं.

अँड्रॉइडच्या कोटलिनमध्ये मात्र फसगत होते. तिथेही पॅरामीटर रीड-ओन्ली, पण त्याचा अर्थ एवढाच, की त्या नावाला दुसरी वस्तू चिकटवता येत नाही. वस्तू म्युटेबल लिस्ट असेल तर फंक्शन तिच्यात खुशाल भर घालतं आणि बाहेरची मूळ लिस्ट बदलते. निगेटिव्हच प्रोजेक्टरला लावल्यासारखं! यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय. आता मी आधी लिस्टची कॉपी काढतो, मग पुढे पाठवतो.

'हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला आले. १९१७ मध्ये त्यांनी 'हरिश्चंद्र' पुन्हा काढला, १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच वारले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आहेत. ती १९१३ ची की १९१७ ची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.