सरकारचा हिशेब तपासणारे नामदार गोखले



या भित्तिपत्रकात थोर पुरुषांची चरित्रे नेहमी येतात. मी या वेळी नामदार गोपाळ कृष्ण गोखले निवडले. गणिताच्या खरेपणाची त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती मी सांगणार नाही. मला त्यांचं दुसरंच गणित सांगायचं आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. ते तेरा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. त्यांना पगार होता महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते गोपाळला शिकायला पाठवीत! उरलेल्या ७ रुपयांत घर चालायचं. मला वाटतं, पैशाचा हिशेब गोखले इथंच शिकले असावेत. १८८४ साली ते बी. ए. झाले आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणिताचं एक पुस्तकही त्यांनी लिहिलं. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सरकारी अहवाल आणि आकड्यांचे तक्ते कसे वाचायचे ते रानड्यांनी त्यांच्याकडून घोटून घेतलं.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. गोरे शिपाई तपासणीसाठी घराघरांत शिरत. लोक चिडले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. मग सरकारने पुण्यात जादा पोलीस आणून बसवले आणि त्यांचा खर्च पुण्याच्या लोकांवरच कर बसवून वसूल करायचं ठरवलं. ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्यांनाही पैसे भरावे लागले. पोलीस किती हवेत, पैसे किती घ्यायचे, हे लोकांना कोणी विचारलं नाही.

गोखले तेव्हा विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथे शिपायांच्या जुलमाची तक्रार केली. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हणून फार नावं ठेवली. मला मात्र ते भित्रे वाटत नाहीत, कारण पुढच्या पाचच वर्षांत ते थेट व्हाइसरॉयपुढे उभे राहिले.

त्या वेळी कलकत्त्याला व्हाइसरॉयचं कायदेमंडळ भरे. मार्च महिन्यात सरकार अंदाजपत्रक मांडी. सभासदांनी त्यावर भाषण करायचं, बस्स. मत द्यायचा अधिकारच नव्हता! आमच्या पुणतांब्यात ग्रामसभेत कोणीही उठून घरपट्टी का वाढली, दिव्यांचा खर्च किती झाला असं विचारू शकतो. शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव २०१७ साली आमच्याच ग्रामसभेने केला. तसं तिथं काहीच नव्हतं.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. तिजोरीत कित्येक कोटींची शिल्लक राहिली म्हणून सरकार खुशीत होतं. गोखल्यांनी ते गणित उलटं करून दाखवलं. देशात नुकता मोठा दुष्काळ पडून गेलेला, आपल्या नगर जिल्ह्यातही माणसं आणि जनावरं हाल काढत होती, मग शिल्लक आली कुठून? तर पूर्वी विलायतेला पैसे पाठवताना रुपयाचा भाव पडला, तूट आली, म्हणून सरकारने कर वाढवले. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपयाचा भाव सावरला, पण कर काही उतरले नाहीत. म्हणजे ही शिल्लक गरिबाच्या मिठातून काढलेली होती. श्रीमंत माणूस काही गरिबापेक्षा जास्त मीठ खात नाही, म्हणून हा कर गरिबालाच जास्त लागतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या आजीलाही लगेच पटलं.

मग दरवर्षी मार्चमध्ये गोखल्यांचं भाषण ठरलेलंच. आवाज चढवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त आकडे. फौजेवरचा खर्च कमी करा, शाळा आणि आरोग्य यांना पैसे द्या, हा त्यांचा धोशा. मिठाचा कर १९०३ साली २ रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली १ रुपया झाला. १९०५ च्या अंदाजपत्रकात पोलीस खात्याला जादा पैसे मिळाले, पण प्राथमिक शिक्षणालाही ३५ लाख मिळाले. त्याच साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षही ते काही वर्षे होते. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

आता गंमत बघा. जन्मभर कर उतरवा म्हणणाऱ्या गोखल्यांनी १९११ साली स्वतःच एक नवा कर सुचवला! सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचं शिक्षण द्यावं, असं विधेयक त्यांनी मांडलं. खर्चाचे दोन भाग सरकारने द्यावेत, एक भाग गावाने किंवा शहराने द्यावा आणि त्यासाठी हवा तर शिक्षणकर बसवावा. महिना १० रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घ्यायची नाही. याला पुष्कळांनी विरोध केला. कोणी म्हणे लोक कर देणार नाहीत, कोणी म्हणे मुलं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण. मोठमोठे जमीनदारही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये मतं मोजली, बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. विधेयक पडलं.

गोखले तेव्हा मधुमेहाने खंगत चालले होते. तरी त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन तिथल्या हिंदी मजुरांची गाऱ्हाणी ऐकून आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय अवघं ४८. तीन वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला.